विद्यार्थ्याचा परवचा

शाळेचा निरोपसमारंभ झाला, छायाचित्र निघालें, गुणपत्रक हातीं आलें व पेढे वांटून झाले, म्हणजे विद्यार्थ्यास असें वाटूं लागतें कीं, शिकण्याची रीत आपणांस आली. आतां मोठ्या इमारतींत जाऊन तीच पुढें चालवावयाची. वस्तुतः शाळा व महाविद्यालय ह्यांमधील अंतर इमारतीच्या उंचीचें नव्हे. शाळेंत अभ्यासाची चिंता विद्यार्थ्याच्या वतीनें दुसरेच कोणी वाहत असतात. घंटा शिपाई वाजवितो, वही शिक्षक तपासतात, चाचणीची तारीख फळ्यावर लिहिली जाते, आणि मुलगा चार दिवस आला नाहीं तर घरीं निरोप जातो. महाविद्यालयांत ह्या सर्व चिंता एका दिवसांत विद्यार्थ्याच्या अंगावर येऊन पडतात, व त्या आल्या आहेत हें त्यास कोणी सांगतही नाहीं. महाविद्यालयांत यश मिळावें म्हणून अभ्यासाच्या कोणत्या संवयी लावून घ्याव्या, ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याची आज्ञा वार्षिकाच्या संपादकांनीं आम्हांस केली, तेव्हां प्रथम मनांत आलें तें हेंच कीं, ह्या विषयावर उपदेश पुष्कळ झाला आहे. पहाटे उठा, चित्त एकाग्र करा, वेळ दवडूं नका, हें ऐकून ऐकून मुलांचे कान किटले आहेत. म्हणून उपदेशाच्या वाटेस न जातां, पारनेर तालुक्यांतील मुलामुलींस वर्षानुवर्षें शिकवीत असतां जें डोळ्यांनीं पाहिलें, व त्याचा जो उलगडा पुढें वाचनांत सांपडला, तेवढाच येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशांतील. एकीकडे कान्हूरचें पठार, दुसरीकडे कुकडीचें खोरें, मध्यें मुरमाड माळ. येथील बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे. रब्बीची ज्वारी व कांदा हीं घरचीं मुख्य पिकें, आणि गाईचें दूध हा रोजच्या मीठमिरचीचा आधार. मुलगा पहाटे डेअरीवर दूध घालून येतो, एस. टी. गांठून शाळेंत पोहोंचतो, आणि सायंकाळीं घरीं परततो तों पुन्हां धारांची वेळ झालेली असते. शेतीची वीज रात्रीं आली तर बापाबरोबर पिकास पाणी धरावयास जावें लागतें. दिवाळी झाली कीं कांद्याची लागवड असते, आणि परीक्षा तोंडावर आली कीं नेमकी ज्वारीची काढणी येते. अशा घरांतील मुलापुढें ‘अभ्यासास स्वतंत्र खोली असावी, तींत उत्तम उजेड असावा व सभोंवार शांतता असावी’ असा पुस्तकी नियम वाचून दाखविणें ही थट्टा होय. त्यास तें शक्य नाहीं, आणि सुदैवानें तें अवश्यही नाहीं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले ते परळच्या चाळींतील एका खोलींत राहून. त्याच खोलींत स्वयंपाक, त्याच खोलींत सारें कुटुंब. मुलगा लौकर निजे, वडील रामजी सुभेदार रात्रीं दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलास अभ्यासास उठवीत व स्वतः आडवे होत. खोली सर्वांची होती; परंतु रात्रीं दोन वाजल्यानंतर ती विद्यार्थ्याची होती. आमच्याकडेही डेअरीवरून परतल्यानंतरचा पाऊण तास कित्येक घरांत मुलाच्या नांवें लावून देतां येतो. त्या वेळांत त्यास कोणी हांक मारूं नये, एवढाच ठराव घरांत व्हावा लागतो. मग तो गोठ्याच्या ओट्यावर बसला काय किंवा देवळाच्या पायरीवर बसला काय, बिघडत नाहीं. जागा बदलली तरी चालते. वेळ बदलली कीं संवय मोडते.

परंतु वेळ पाळली म्हणजे अभ्यास झाला असें मात्र नाहीं, आणि आमच्या सांगण्याचा मुख्य भाग येथूनच सुरू होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुट्टींत पठारावरील एका गांवची आमची जुनी विद्यार्थिनी वडिलांसह आमच्याकडे आली. दहावीस ती शाळेंत पहिली होती, बारावीसही गुण उत्तम पडले होते. जूनमध्यें ती शहरांतील एका महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षास दाखल होऊन वसतिगृहांत राहूं लागली होती. सहामाहीच्या आधींच्या अंतर्गत चाचण्यांत तिला इतके थोडे गुण मिळाले कीं, ती आपली ट्रंक घेऊनच घरीं परतली होती व ‘पुन्हां जाणार नाहीं’ असें म्हणत होती. वडील म्हणाले, ‘‘सर, पोरगी दिसरात वाचती. तिच्या संगतीच्या पोरीबी तेच सांगत्यात. पण पेपरात काय उतरंना. तिचं म्हणणं, आपलं डोकंच तेवढं नाही. तुम्हीच सांगा, धाडू का घरीच ठिवू?’’

हा प्रश्न दिसतो तितका लहान नव्हता. त्या गांवांतून विज्ञान शिकावयास बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. ती परत आली असती तर येत्या उन्हाळ्यांत तिचें लग्न ठरलें असतें, आणि तिच्या मागून ज्या तिघीचौघी वाट पाहत होत्या त्यांच्या घरींही ‘बघा, तिचें काय झालें’ हें उत्तर तयार झालें असतें. दिवाळीनंतर थोड्याच आठवड्यांनीं विद्यापीठाची सत्रान्त परीक्षा होती.

आम्हीं तिला विचारलें, ‘‘बाळ, वही आणली आहेस का?’’ तिनें पिशवींतून वनस्पतिशास्त्राची वही काढून दिली. ती वही पाहून कोणाही शिक्षकास संतोष वाटला असता. अक्षर मोत्यासारखें, मथळे लाल शाईनें, व्याख्या हिरव्या शाईनें, आकृत्या पेन्सिलीनें काढलेल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांत चार-चार, पांच-पांच ठिपके होते. हे काय म्हणून विचारलें, तेव्हां तिनें सांगितलें कीं, पान जितक्या वेळां वाचलें तितके ठिपके. आम्हीं एक पान पाहिलें. त्यावर परासरणाची क्रिया, म्हणजे इंग्रजींत जिला ऑस्मोसिस म्हणतात ती, दिली होती. वही मिटून आम्हीं बाजूस ठेवली व म्हटलें, ‘‘आतां ह्या पानावर काय होतें तें सांग. इंग्रजींत नको. घरीं आईला सांगतेस असें समजून सांग.’’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग खालीं पाहत म्हणाली, ‘‘सर, वही बघितली की सगळं येतं.’’

महाविद्यालयांतील पुष्कळशा अपयशाचें मूळ, आमच्या मतें, ह्या एका वाक्यांत आहे. आठवड्याच्या बाजारांत एखादा मनुष्य समोर येतो, त्याचा चेहरा आपण तत्काळ ओळखतों. पण त्याचें नांव विचारलें तर तें ओठांवर येत नाहीं. ओळख पटणें व आठवण येणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुस्तक दुसऱ्यांदां, तिसऱ्यांदां वाचलें म्हणजे ओळख वाढते. ओळीमागून ओळ परिचयाची वाटते, आणि ‘हें आपणांस येतें’ असा सुखद भास होतो. परीक्षेच्या मंडपांत मात्र पुस्तक समोर नसतें. तेथें चेहरा नसतांना नांव सांगावयाचें असतें.

ह्या गोष्टीचा शास्त्रीय छडा प्रथम जर्मनींतील हेर्मान एबिंगहाउस ह्या विद्वानानें लावला. त्यानें निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ केल्या, मग ठराविक काळानें त्याच माळा पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात हें मोजलें, व तें सारें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. सुमारें वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वांचत. एका तासानंतर ४४. एका दिवसानंतर ३४. आणि महिना लोटल्यावर २१. म्हणजे विस्मरणाचा मोठा घाव पहिल्या तासांत व पहिल्या दिवसांत बसतो, पुढें तो सावकाश चालतो. जो धडा सोमवारीं ऐकला त्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत पहिल्यानें वळणारा विद्यार्थी उजळणी करीत नसतो. तो नव्यानेंच शिकत असतो, फक्त शिकविणारा समोर नसतो.

पुढें २००६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर व कार्पिकी ह्या दोघांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर जो प्रयोग केला, तो तर आमच्या त्या विद्यार्थिनीसाठींच केला होता असें वाटावें. विद्यार्थ्यांना गद्य उतारे वाचावयास दिले. मग कांहींना तो उतारा पुन्हां वाचावयास सांगितलें, व कांहींना उतारा काढून घेऊन आठवेल तेवढें कागदावर लिहावयास सांगितलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. त्यांना ८१ टक्के मजकूर सांगतां आला, लिहिणारांना ७५. परंतु हीच परीक्षा दोन दिवसांनीं घेतली तेव्हां वाचणारे ५४ वर आले व लिहिणारे ६८ वर राहिले. आणि आठवड्यानें घेतली तेव्हां वाचणारे ४२ व लिहिणारे ५६. आरंभीं जो मागें होता तोच शेवटीं पुढें गेला.

आमच्या शाळांतील पहिला क्रमांक महाविद्यालयांत कां ढळतो, ह्याचें उत्तर ह्या आंकड्यांत आहे. शाळेंत घटक शिकवून झाला कीं लागलीच घटक-चाचणी. रात्रीं वाचावें, सकाळीं लिहावें. तेथें पुनःपुन्हां वाचणाराच पुढें राहतो, आणि त्यास बक्षीसही मिळतें. महाविद्यालयांत ऐकणें व विचारलें जाणें ह्यांमध्यें तीन-तीन महिने जातात. मुलगी तीच, बुद्धि तीच, श्रमही तेच. पण जी रीत पांच मिनिटांच्या परीक्षेस पुरत होती ती तीन महिन्यांच्या परीक्षेस पुरली नाहीं. आम्हीं वडिलांना एवढेंच सांगितलें कीं, डोक्यास कांहीं झालेलें नाहीं, ट्रंक माघारी न्यावी. सुट्टीचे आठ दिवस मात्र मुलीनें रोज सायंकाळीं परवचा म्हणावा.

परवचा हा शब्द आजच्या मुलांस नवा वाटण्याचा संभव आहे. पूर्वीं दिवेलागणीस घरोघरीं मुलें ओळीनें बसत व पाढे, पावकी, निमकी, दिडकी, तिथि, वार, महिने, श्लोक असें सारें पुस्तकाशिवाय मोठ्यानें म्हणत. घरांतील एखादी अक्षरशून्य आजीही तेथें परीक्षक होऊं शके. कारण मूल अडखळलें कीं तें तिच्या कानास कळे. पंतोजींच्या शाळेंतील अभ्यास तो हाच. पुढें इंग्रजी शिक्षण आलें आणि सुधारकांनीं घोकंपट्टीवर कोरडे ओढले. अर्थ न समजतां घोकण्याचा त्यांनीं निषेध केला तो रास्तच होता. परंतु आम्हांस असें स्पष्ट दिसतें कीं, घोकंपट्टीबरोबर तिच्यांतील एक मोलाची वस्तूही आपण उकिरड्यावर टाकली. ती म्हणजे पुस्तक मिटून म्हणून दाखविणें. घोकणें गेलें असें म्हणतां येत नाहीं, कारण गाईडांतील उत्तरें आजही घोकली जातातच. गेला तो परवचा. आतां मूल मनांतल्या मनांत वाचतें, त्यास कोणी ऐकत नाहीं, व तें स्वतःही स्वतःस ऐकत नाहीं.

निघोजचे रांजणखळगे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं सहलींत पाहिले असतील. कुकडीच्या पात्रांतील काळ्या पाषाणांत माणूस उभा मावेल एवढे खोल रांजण पाण्यानें कोरले आहेत असें आपण म्हणतों. पण नुसतें पाणी वरून वाहून गेलें असतें तर खडक फार तर गुळगुळीत झाला असता. खळग्यांत अडकलेला गोटा पाण्याच्या भोंवऱ्याबरोबर तेथल्या तेथें फिरत राहिला, त्यानें तो कोरला. वाचन हें पाणी. आणि ‘काय बरें होतें तें?’ असें पुस्तक मिटून स्वतःस विचारणें हा गोटा.

आतां परवचा महाविद्यालयीन विषयांचा कसा म्हणावयाचा? पाढ्यांप्रमाणें शब्दशः म्हणून येथें भागणार नाहीं. त्यासाठीं आम्ही विद्यार्थ्यांस वहीचा समास वापरावयास सांगतों. आपल्या वह्यांस डावीकडे जी लाल रेघ असते तिचा उपयोग बहुतेक मुलें प्रश्नाचा क्रमांक लिहिण्यापलीकडे करीत नाहींत. कॉर्नेल विद्यापीठांतील वॉल्टर पॉक ह्या अध्यापकानें १९६२ सालीं महाविद्यालयीन अभ्यासावर एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें हा समास बराच रुंद करावयास सांगितला आहे. वर्गांत जें ऐकलें तें उजवीकडे लिहावें. त्याच सायंकाळीं तें वाचून डावीकडे प्रत्येक परिच्छेदापुढें एक प्रश्न लिहावा: ‘कां?’, ‘कसें?’, ‘ह्यांत व त्यांत भेद काय?’ मग उजवी बाजू कोऱ्या कागदानें झांकावी, डावीकडील प्रश्न वाचावा, व उत्तर तोंडानें द्यावें किंवा कागदावर लिहावें. अडलें तर कागद सरकवून पाहावें, आणि त्या प्रश्नापुढें फुली करावी. आठ दिवसांनीं फुलीच्या प्रश्नांपासून आरंभ करावा. महिन्यानें पुन्हां एकवार सर्व प्रश्नांवरून हात फिरवावा. चांगला प्रश्न काढतां येणें हें धडा समजल्याचें अर्धें लक्षण आहे. ज्यास समासांत कांहीं लिहावयास सुचत नाहीं, त्यानें तो तास ऐकला नाहीं असें खुशाल समजावें.

ह्या रीतीस वेळ फार लागतो अशी तक्रार आम्हीं ऐकली आहे. पहिले पंधरा दिवस ती खरी असते. शिवाय ही रीत कष्टाची आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. वाचन करतांना जो सुखद भास होतो तो येथें मिळत नाहीं. उलट आपणांस किती येत नाहीं हेंच रोज सायंकाळीं समोर येऊन उभें राहतें. म्हणूनच मुलें ती चार दिवसांत सोडून देतात व पुन्हां रंगीत शाईकडे वळतात.

भाषेचा प्रश्न आमच्याकडील मुलांस विशेष भेडसावतो, म्हणून त्याबद्दल थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. पारनेर ही सेनापति बापटांची जन्मभूमि. १२ नोव्हेंबर १८८० रोजीं येथें जन्मलेले पांडुरंग महादेव बापट पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकले व मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ति मिळवून १९०४ सालीं एंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठीं एडिंबरोस गेले. त्यांच्या पुढील कार्याची, मुळशीच्या सत्याग्रहाची, कथा सर्वांस ठाऊक आहे. आमच्याकडील पालक ही गोष्ट अलौकिक बुद्धीचा दाखला म्हणून मुलांस सांगतात, आणि मूल मनांत म्हणतें, ‘ते सेनापति होते, आपण कोण?’ परंतु त्या काळच्या शिक्षणाची एक बाब लक्षांत घ्यावयास हवी. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षाच तेव्हां इंग्रजींत असे, आणि विद्यार्थी महाविद्यालयांत पाऊल टाकण्यापूर्वीं इंग्रजी शाळेच्या सात इयत्ता चढून आलेला असे. भाषेचा डोंगर शाळेंतच ओलांडून झालेला असे. आज मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात खरें, पण तें एक विषय म्हणून. ज्यांस सेमी-इंग्रजीची सोय नसते, तीं मुलें गणित व विज्ञान दहावीपर्यंत मराठींत शिकतात, आणि अकरावीस विज्ञान शाखा घेतांच तेच विषय एकदम इंग्रजींत समोर येतात. ज्यास ‘त्वरण’ उत्तम समजलें आहे तोच मुलगा ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द ऐकून आपणांस पदार्थविज्ञान येत नाहीं असें मानून बसतो. वस्तु त्याच्या घरांत असते, फक्त तिचें दुसरें नांव त्यास ठाऊक नसतें.

ह्यावर आम्हांस एकच इलाज गुणकारी आढळला आहे. प्रथम ती कल्पना मराठींत, घरच्या बोलीत, पुस्तकाशिवाय सांगावी. ती सांगतां आली म्हणजे मग तीच इंग्रजींत, मोडक्यातोडक्या वाक्यांत कां होईना, लिहावी. उलट क्रमानें गेल्यास इंग्रजी वाक्य पाठ होतें व कल्पना दाराबाहेरच उभी राहते. आमच्या त्या विद्यार्थिनीनें सुट्टींत हेंच केलें. घरीं कांद्याची रोपें लावण्याचें काम चाललें होतें. सऱ्यांत वाकून रोपें लावतां लावतां ती आईस एकेक पान सांगे. आई तिसरीपर्यंत शिकलेली. परासरणाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, ‘‘म्हंजी चिरलेल्या कांद्याला मीठ लावलं की पाणी सुटतं, त्येच का?’’ मुलीनें आम्हांस हें सांगितलें तेव्हां तिच्या चेहऱ्यावर जें होतें तें चाचणीच्या गुणांनीं कधीं आणलें नसतें. तेंच होतें तें. मिठाच्या बाजूस द्रावण दाट, पेशींच्या आंत पातळ, आणि मध्यें पेशीचा पडदा. पाणी दाट बाजूकडे निघून जातें. पांच ठिपक्यांनीं जें झालें नव्हतें तें आईच्या एका प्रश्नानें झालें.

इतर संवयींबद्दल आम्हांस फार सांगावयाचें नाहीं. मोबाईल हें यंत्र अभ्यासाच्या पाऊण तासांत दुसऱ्याच्या स्वाधीन असावें. तें उलटें घालून शेजारीं ठेवण्यांत अर्थ नाहीं. परीक्षेच्या आधीं रात्र जागणें हा पराक्रम नव्हे, कारण दिवसा शिकलेलें मनांत बसण्याचें पुष्कळसें काम झोंपेंतच होतें. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें, ही गोष्ट मुलांस फार आवडते. परंतु वसतिगृहाच्या गच्चीवर गप्पा मारणें हा व्यायाम नसल्यामुळें तिचा आधार त्यांनीं घेऊं नये. आणि प्राध्यापकांस प्रश्न विचारावयास भिऊं नये. ‘सर, मला कांहींच समजलें नाहीं’ असें म्हणणाऱ्यास मदत करणें कठीण असतें. समासांतील फुलीचा प्रश्न घेऊन येणाऱ्यास ती पांच मिनिटांत करतां येते.

पूर्वीं पदवीच्या शिक्षणासाठीं आमच्याकडील मुलास पुण्यामुंबईकडे पाहावें लागे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनीं १९४७ सालीं अहमदनगर महाविद्यालय स्थापिलें, तेव्हां तें अंतर नगरपर्यंत आलें. आणि आतां तर पारनेरांतच कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. घरीं राहून शिकणाऱ्यांची संख्या त्यामुळें वाढली, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र घरीं राहणाऱ्यास घरचें कामही चुकत नाहीं, आणि ‘कॉलेज तर दुपारीं सुटतें’ म्हणून त्याच्यावर अधिकच पडतें. पालकांनीं येथें थोडा विचार करावा. मुलास कामच सांगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तसें म्हटलें तर तें कोणी ऐकणारही नाहीं. ज्या आईस वाचतां येत नाहीं तिनेंही दिवसांतून एकदां ‘आज काय शिकलास तें सांग बरें’ असें विचारावें, व तें समजेपर्यंत ‘म्हणजे काय?’ म्हणत राहावें. ह्या कामास पैसा लागत नाहीं आणि धारा काढतां काढतां तें होतें.

ती मुलगी दिवाळीनंतर परत गेली. त्या सत्रांत एक विषय राहिला, तो पुढच्या सत्रांत सुटला. पहिल्या क्रमांकावर ती पुन्हां कधीं आली नाहीं. पदवी मात्र तिनें तीन वर्षांतच घेतली, आणि आज ती एका शाळेंत विज्ञान शिकविते. तिच्या गांवच्या आणखी दोन मुली मागाहून त्याच वसतिगृहांत राहून गेल्या.

जे विद्यार्थी ह्या वर्षीं शाळा सोडीत आहेत त्यांच्या हातीं उन्हाळ्याचे महिने मोकळे आहेत. बारावीची परीक्षा मार्चांत संपते, महाविद्यालयाचे वर्ग भरावयास जून-जुलै उजाडतो. मध्यंतरीं उन्हाळ कांद्याची काढणी आहे, लग्नसराई आहे, हें आम्ही जाणतों. तरी एक साधी वही घ्यावी. ज्या विषयाची शाखा घ्यावयाची त्याच्या शालेय पुस्तकांतील मराठी पारिभाषिक शब्द डावीकडे व त्यांचीं इंग्रजी नांवें उजवीकडे, रोज दहा, अशीं लिहावीं. आणि दिवेलागणीस उजवी बाजू कागदानें झांकून, मोठ्यानें, घरांत कोणास तरी ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणावीं.